विजेच्या गाडीला सबसिडी द्यायची का, आणि द्यायचीच तर कुणाला?

सुदामानगरवाला

मंडळी, मनापासून विचारतोय, कारण आमच्या इंदूरच्या बिल्डिंगची मीटिंग तोंडावर आलीये आणि पार्किंगमध्ये चार्जिंग घ्यायचं की नाही यावर त्यात भांडण होणार हे नक्की. पण त्याआधी मूळ मुद्दा.

विजेच्या दुचाकीवरची केंद्राची सबसिडी ३१ मार्च २०२६ पर्यंतच ठरलेली होती. ज्यांना मागचं आठवत नसेल त्यांच्यासाठी, फेम-२ ही केंद्राची सबसिडी योजना एप्रिल २०१९ मध्ये सुरू झाली तेव्हा बॅटरीच्या दर किलोवॅट-अवरला, म्हणजे एका युनिटच्या साठ्याला, १०,००० रुपये मिळायचे, जून २०२१ मध्ये त्याचे १५,००० केले, जून २०२३ मध्ये परत १०,००० वर आणले आणि वरून किमतीच्या १५ टक्क्यांची मर्यादा घातली, मग ऑक्टोबर २०२४ पासून पीएम ई-ड्राइव्ह ही नवी योजना, त्यात पहिल्या वर्षी ५,००० आणि एप्रिल २०२५ पासून २,५००, म्हणजे बॅटरी कितीही मोठी असू दे, गाडीमागे जास्तीत जास्त ५,००० रुपये. आणि इकडे २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. विजेच्या गाडीवर तो आधीपासून ५ होता, तिथे काही बदललं नाही. म्हणजे ऐंशी हजार मूळ किमतीच्या पेट्रोल स्कूटरवर आठ हजार सुटले आणि विजेच्या गाडीला सबसिडी मिळायची पाच हजार. मग सरकारला लोकांनी नेमकी कुठली गाडी घ्यायला हवीये तेच कळेना.

माझं स्वतःचं मत असं की खरेदीवर पैसे देणं आता थांबवलं तरी चालेल, पण तोच पैसा दुसरीकडे लावा. कारण ज्याच्याकडे लाख-सव्वा लाख आहेत आणि स्वतःच्या अंगणात गाडी लावायची सोय आहे त्यालाच ही सबसिडी पोचते. आमच्याकडे तिसऱ्या मजल्यावरचा एक मुलगा रोज रात्री बाल्कनीतून वायर खाली सोडतो, ग्रिलला सुतळीने बांधलेली, मध्ये एक जोड, जोडावर काळी टेप, आणि पावसाळ्यात त्या जोडावर दुधाची रिकामी पिशवी रबर लावून बांधतो. त्याला गाडीवर सबसिडी मिळाली होती, चार्जिंगला प्लग मात्र कुणी दिला नाही. खालून लहान पोरं ये-जा करतात, मला रोज धाकधूक होते.

तर तुम्हाला काय वाटतं? सबसिडी चालू ठेवावी, बंद करावी, की बस, चार्जिंग, सोलर, बायो-सीएनजी (ओल्या कचऱ्याचा गॅस) यांच्याकडे वळवावी? तुमच्या बिल्डिंगमध्ये काय केलंय तेही लिहा.

पीथमपूर_शिफ्ट

काका, वायरचं तुमचं शंभर टक्के बरोबर आहे पण सबसिडी थांबवली तरी चालेल हे मला अजिबात पटत नाही. मी पीथमपूरला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात आहे, आमचा अर्धा माल आता विजेच्या दुचाक्यांना जातो. जून २०२३ ची ती कपात आम्ही अंगावर घेतलीये. मे महिन्यात देशभरात लाखाच्या वर विजेच्या दुचाक्या विकल्या गेल्या होत्या आणि जूनमध्ये आकडा निम्म्याहून खाली आला, कारण लोकांनी मेमध्येच घाई करून घेऊन टाकल्या आणि नंतर शोरूममध्ये कुणी फिरकेना. आमच्याकडे एक लाइन बंद ठेवली आणि कॉन्ट्रॅक्टवरच्या पोरांना सांगितलं की बोलावू तेव्हा या. त्यातली काही परत आलीच नाहीत, कुणी गावाला गेलं, कुणी डिलिव्हरीला लागलं.

जर्मनीतही हेच झालं, डिसेंबर २०२३ मध्ये त्यांनी ठरलेल्या वेळेच्या वर्षभर आधी एकदम सबसिडी बंद केली आणि २०२४ मध्ये तिथली विजेच्या गाड्यांची विक्री चौथ्या हिश्श्याहून जास्त पडली. उलट चीनने दहा-बारा वर्षं दिली, हळूहळू कमी करत आणली आणि २०२२ च्या शेवटी बंद केली, तोवर त्यांचे कारखाने एवढे मोठे झाले होते की फरक पडला नाही. बॅटरीचा भाव बघा ना, २०१० च्या सुमारास किलोवॅट-अवरला हजार डॉलरच्या वर होता तो २०२४ मध्ये ११५ डॉलरच्या आसपास आलाय, हा भाव आपोआप पडलेला नाही, कुणीतरी सुरुवातीला महाग माल विकत घेतला म्हणून पडलाय.

तेव्हा द्यायची तर पाच वर्षांचं कोष्टक आधी जाहीर करा, या वर्षी एवढे, पुढच्या वर्षी एवढे, आणि मग त्याला हात लावू नका. कारखानदाराला कमी चालेल पण उद्या काय होणार ते माहीत असलं पाहिजे.

रामबागकर

पीथमपूरच्या दादांचा मुद्दा कारखान्याच्या बाजूने ठीक आहे पण हे पैसे येतात कुठून ते कुणी बोलत नाही. मध्यप्रदेशात पेट्रोलवर २९ टक्के व्हॅट, त्यावर लिटरमागे अडीच रुपये, वर १ टक्का सेस, केंद्राची एक्साइज वेगळी, म्हणून २०२५ मध्ये इंदूरला लिटर एकशेसहाच्या घरात होतं. हा कर कोण भरतो? जुनी मोटरसायकल घेऊन दिवसभर पार्सलं पोचवणारा भरतो, राऊहून मंडीत भाजी आणणारा भरतो. आणि त्यातून लाखाच्या वर किमतीची स्कूटर घेणाऱ्याला सूट. मग ती गाडी पेट्रोल घेत नाही म्हणजे रस्त्याचा करही तिच्याकडून जवळजवळ सुटला, रस्ता मात्र दोघांना सारखाच लागतो. हे मला न्यायाचं वाटत नाही आणि कितीही पर्यावरण म्हटलं तरी वाटणार नाही.

नॉर्वेचं उदाहरण लोक नेहमी देतात, की तिथे २०२४ मध्ये नव्या दहा गाड्यांत जवळपास नऊ विजेच्या होत्या. अहो पण त्यांनी पेट्रोल गाडीवर जबर कर लावला आणि विजेच्या गाडीला तो माफ केला, आणि वीज धरणांची. आपल्याकडे कोळसा. सिंगरौलीत विंध्याचलचं ४७६० मेगावॉटचं थर्मल, इकडे खंडव्याला सिंगाजीचं २५२० मेगावॉटचं, धूर तिथे आणि सबसिडी इथे.

आणि पर्यायी इंधन म्हणून पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळायचा जो प्रकार केलाय त्याबद्दल कुणी विचारत नाही. २० टक्क्यांचं लक्ष्य आधी २०३० चं होतं ते २०२५ वर ओढलं. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण तिसरा हिस्सा ऊर्जा कमी असते हे कुठलाही इंजिनिअर सांगेल, नीती आयोगाच्याच २०२१ च्या अहवालात जुन्या पद्धतीच्या चारचाकीला ६ ते ७ टक्के आणि दुचाकीला ३ ते ४ टक्के अॅव्हरेज कमी पडेल असं लिहिलंय. मग दर तेवढा कमी करा ना. विजेची गाडी घ्यायची की नाही हे निदान मी ठरवतो, पंपावर मात्र मला विचारतच नाहीत.

मला यातलं एकच काम खरं वाटतं ते आपल्या देवगुराडियाचं. १९ फेब्रुवारी २०२२ ला तो बायो-सीएनजी प्लांट सुरू झाला, रोजचा ५५० टन ओला कचरा घ्यायची क्षमता, त्यातून साधारण १७,००० किलो गॅस, तो सिटी बसला जातो आणि महापालिकेला बाजारभावापेक्षा किलोला पाच रुपये स्वस्त मिळतो. जिथे कचऱ्याचा डोंगर होता आणि वारं फिरलं की वास यायचा तिथे हे उभं राहिलंय. ते चालतं कारण घराघरात बायका-माणसं ओलं-सुकं वेगळं करून गाडीत टाकतात. पैसा लावायचा तर अशा ठिकाणी लावा, त्याचा फायदा बसमध्ये बसणाऱ्या प्रत्येकाला होतो.

जुना_वायरमन

वीज कंपनीतून रिटायर झालोय, त्यामुळे कोळशाच्या मुद्द्यावर थोडं सविस्तर लिहितो, कारण हे वाक्य सगळीकडे फिरतं आणि त्यामुळे लोकांची दिशाभूल होते.

देशातली सत्तर टक्क्यांच्या वर वीज अजून कोळशाचीच आहे, ते रामबागकरांचं बरोबर. आता हिशोब करा. चांगली ई-स्कूटर शंभर किलोमीटरला साधारण तीन युनिट खाते, चार्जरमधलं नुकसान धरून साडेतीन धरा. आपल्या ग्रिडवर, म्हणजे वीजपुरवठ्याच्या जाळ्यावर, एका युनिटमागे सरासरी ०.७ किलोच्या थोडा वर कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे शंभर किलोमीटरला अडीच किलो. पेट्रोल स्कूटरला तेवढ्याच अंतराला दोन लिटरच्या वर पेट्रोल लागतं आणि लिटरमागे २.३ किलो निघतो, म्हणजे पावणेपाच-पाच किलो. कोळशाची वीज धरूनसुद्धा निम्मं. बॅटरी बनवताना जो धूर होतो तो वेगळा धरावा लागतो हे खरं, पण दुचाकीची बॅटरी छोटी असते, तो लवकर फिटतो. आणि ग्रिड जसजसं स्वच्छ होतं तसतशी आज घेतलेली गाडी आपोआप स्वच्छ होत जाते, पेट्रोलच्या गाडीचं तसं होत नाही. रीव्याचा ७५० मेगावॉटचा सोलर प्लांट आपल्याच राज्यात आहे, २०१७ च्या बोलीत त्याचा पहिल्या वर्षाचा दर २ रुपये ९७ पैसे निघाला तेव्हा आम्हा लोकांना खरं वाटेना, कारण आम्ही आयुष्यभर कोळशाच्या विजेचे भाव बघितलेले.

आणि धूर कुठे निघतो हाही प्रश्न लहान नाही. पलासिया चौकात सिग्नलला तोंडासमोर निघणारा धूर आणि चिमणीतून उंचावर निघणारा धूर छातीला सारखा नसतो. मात्र सिंगरौलीच्या लोकांच्या छातीचं काय हे रामबागकरांनी विचारलं ते मनाला लागलं, त्याला माझ्याकडे एकच उत्तर आहे, तिथली राख आणि धूर आवरायला सरकारने सबसिडीइतकाच पैसा घालावा.

चार्जिंगचं असं. सुदामानगरवाले काका, फेब्रुवारी २०२४ मध्ये वीज ग्राहकांच्या हक्कांचे जे नियम बदलले त्यात गाडी चार्ज करायला वेगळं कनेक्शन मागायचा हक्क दिलाय. ही गोष्ट निम्म्या सोसायट्यांना माहीतच नाही. आणि छतावरच्या सोलरच्या पीएम सूर्यघर योजनेत घराला ३ किलोवॅटपर्यंत ७८,००० ची मदत मिळते हे सगळ्यांना माहिती असतं, पण सोसायटीच्या सामायिक वापराला, त्यात गाडी चार्जिंगसुद्धा आलं, किलोवॅटला १८,००० मिळतात हे कुणी सांगत नाही. ३ किलोवॅटचं सोलर आपल्या मालव्याच्या उन्हात दिवसाला बारा युनिटच्या आसपास देतं, आणि रोज चाळीस किलोमीटर फिरणाऱ्या स्कूटरला लागतं दीड युनिट. बाकी तुम्हीच बघा.

उषानगरची_ताई

सगळ्यांचं वाचलं. स्कूटर, स्कूटर आणि स्कूटर. मला सांगा, राजवाड्यावर उभं राहिलात तर विजेवर चालणारं सगळ्यात जास्त काय दिसतं? ई-रिक्षा. इंदूरमध्ये विजेच्या गाडीत रोज सगळ्यात जास्त माणसं कोण नेतंय तर तो रिक्षावाला, आणि त्याला या सबसिडीतलं काय मिळालं? फेम-२ मध्ये लेड-अॅसिड, म्हणजे शिशाच्या, बॅटरीला काहीच नव्हतं, फक्त लिथियमला होतं, आणि लिथियमची रिक्षा त्याला परवडत नाही म्हणून तो लेड-अॅसिडच घेतो.

आमच्या शाळेच्या पोरांना सोडणारे एक रिक्षावाले काका आहेत, मी त्यांना सीट उचलून बॅटऱ्या बघताना पाहिलंय. चार मोठ्या काळ्या पेट्या, टर्मिनलवर पांढरी-निळी बुरशी आल्यासारखी पावडर, ते ती जुन्या टूथब्रशने झाडतात, मग एकेक झाकण उघडून प्लॅस्टिकच्या बाटलीने डिस्टिल्ड वॉटर घालतात, हातावर अॅसिडचे डाग पडलेत. वर्ष-दीड वर्षात सगळा सेट बदलायला येतो, तोही हप्त्यावर, आणि खासगी फायनान्सवाला व्याज किती लावतो ते विचारूच नका. स्कूटरवाल्याला बँक घरी येऊन कर्ज देते. तुम्हाला गरिबाला मदत करायची असेल तर रामबागकर, सबसिडी बंद करून होणार नाही, ती या माणसाच्या कर्जाच्या व्याजात घाला, जुना लेडचा सेट परत घेऊन लिथियम द्या. जुन्या बॅटऱ्यांमधलं शिसं कुठेतरी उघड्यावर वितळवलं जातं त्याचा धूर तर कुणाच्याच हिशोबात नाही, वायरमन काका, तुमच्यासुद्धा नाही.

दुसरं, बस. मी रोज सिटी बसने जाते. २०१३ मध्ये सुरू झालेली बीआरटीएस, म्हणजे बससाठीची वेगळी लेन, फेब्रुवारी २०२५ च्या हायकोर्टाच्या आदेशानंतर काढायला घेतली. तिच्यात दोष होते, मान्य आहे, गाडीवाल्यांना कोंडल्यासारखं व्हायचं. पण त्या लेनमधून बस वेळेवर यायची. आता तीच बस चारचाक्यांच्या मागे उभी असते. पीएम ई-बस सेवेत दहा हजार विजेच्या बस देशभर यायच्यात, केंद्राचे वीस हजार कोटी त्यात आहेत, इंदूरचं नाव त्या यादीत आहे. पण बस विजेची आली आणि ट्रॅफिकमध्येच अडकून राहिली तर माझ्यासारखी बाई शेवटी कंटाळून स्कूटर घेणार. मेट्रो ३१ मे २०२५ ला सुरू झाली, चांगलं झालं, पण सुरुवातीला ती सुपर कॉरिडॉरवर पाच स्टेशनांपुरतीच होती, मला तिचा रोजच्या जाण्यायेण्याला उपयोग झाला नाही.

आणि इथेनॉलबद्दल, माझं माहेर देवासकडे शेतीचं आहे. सोयाबीनचा भाव पडलेला असताना मक्याला गिऱ्हाईक मिळतंय ते या इथेनॉलमुळे, ते असंच मोडीत काढू नका. पंपावर जुन्या गाड्यांसाठी वेगळं पेट्रोल ठेवा म्हणा, त्यात मी तुमच्याबरोबर आहे.

रामबागकर

ताई, रिक्षाचं पटलं, व्याजात सवलत द्या याला माझी काही हरकत नाही, तो माणूस कमावण्यासाठी गाडी घेतो. बीआरटीएसवर नाही पटलं, एलआयजीपासून नवलख्यापर्यंत रोज जाऊन बघा मग बोलू. मक्याचं म्हणाल तर भाव मिळाला हे चांगलंच, पण तो माझ्या मायलेजमधून का मिळावा, सरळ शेतकऱ्याला द्या ना.

पीथमपूर_शिफ्ट

सरळ द्यायला गेलं की वाटेत किती जातं ते आपल्या सगळ्यांना माहिती आहे दादा. आणि एक राहिलं, ताईंनी लिथियमची रिक्षा म्हटली, ती स्वस्त कधी होणार? खूप बनल्या तर. खूप बनणार कधी? कुणी घेतल्या तर. म्हणून मी खरेदीवरच्या सबसिडीला धरून बसलोय. स्कूटरची काढा हवं तर, स्कूटर आता स्वतःच्या पायावर उभी राहील, मला भीती फक्त एकदम काढण्याची आहे. पण प्रवासी रिक्षा, मालाच्या तिचाक्या आणि बस यांची निदान अजून काही वर्षं काढू नका. दिवसाला शंभर किलोमीटर चालणारी एक रिक्षा बदलली तर दहा किलोमीटर चालणाऱ्या दहा स्कूटर बदलल्यासारखं आहे, डिझेल-पेट्रोल तिथे वाचतं.

सुदामानगरवाला

वा, हे शेवटचं फार कामाचं वाटलं. म्हणजे गाडी कोणाची आहे त्यापेक्षा ती दिवसाला किती चालते यावर मदत द्यावी. मग श्रीमंत-गरीब हा वादही बराच मिटतो, कारण जास्त चालणारी गाडी बहुतेक पोटासाठीच चालते. मी सुरुवातीला सरसकट थांबवा म्हणत होतो, आता म्हणेन की स्वतःच्या वापराच्या गाडीची थांबवा, धंद्याच्या गाडीची ठेवा, आणि घराघरातल्या चार्जिंगला सोलरसारखी सरळ खात्यात जमा होणारी मदत सुरू करा.

आणखी एक गोष्ट इंदूरचीच सांगतो. जलूदला नर्मदेचं पाणी उपसून सत्तर किलोमीटरवर शहरात आणतात, त्या पंपांचं वीजबिल महापालिकेचा केवढा पैसा खातं. त्यासाठी ६० मेगावॉटचं सोलर करायला फेब्रुवारी २०२३ मध्ये महापालिकेने २४४ कोटींचे ग्रीन बॉन्ड, म्हणजे पर्यावरणाच्या कामासाठीचे कर्जरोखे, काढले आणि त्यात साध्या लोकांनीही पैसे घातले. मला वाटतं चार्जिंगसाठी, बससाठी हेच करता येईल. सरकारने फुकट वाटण्यापेक्षा लोकांनी व्याजावर द्यावेत, मी द्यायला तयार आहे.

वायरमन काका, आता मीटिंगचं सांगा. दोन जणांचा ठाम विरोध आहे, एक म्हणतात आग लागेल, दुसरे म्हणतात कॉमन मीटरचं बिल सगळ्यांवर पडेल. काय उत्तर देऊ?

जुना_वायरमन

ताई, शिशाचं तुम्ही म्हणालात ते मी खरंच धरलं नव्हतं, ते धरायलाच हवं.

काका, बिलाचं सोपं आहे. कॉमन मीटरवर घेऊच नका. प्रत्येकाच्या घरच्या मीटरपासून वेगळी वायर पाइपातून पार्किंगपर्यंत आणा, किंवा गाडी चार्जिंगसाठी एकच वेगळं कनेक्शन घेऊन प्रत्येक पॉइंटला सब-मीटर लावा, म्हणजे ज्याचं त्याचं बिल ज्याच्या त्याच्या नावावर. स्कूटरचा चार्जर एक किलोवॅटच्या आतबाहेर असतो, चारचाकीचा साधा चार्जर ३.३ किलोवॅट. सगळ्यांनी संध्याकाळी सातला लावला तर लोड वाढून वीज जाईल, म्हणून रात्री अकरानंतर पाळीपाळीने लावायचं हे मीटिंगमध्येच लिहून घ्या. बिल्डिंगचा मंजूर लोड किती आहे तो बिलावर छापलेला असतो, तो बघून जा, कमी असेल तर वाढवायचा अर्ज आधी करा.

आगीची भीती खोटी नाही, २०२२ च्या उन्हाळ्यात ठिकठिकाणी स्कूटर पेटल्या होत्या. त्यानंतर डिसेंबर २०२२ पासून बॅटरीच्या चाचण्यांचे नियम कडक झाले, दुसरा टप्पा मार्च २०२३ अखेरीस लागू झाला. त्याआधीची गाडी कुणाची असेल तर ती जिन्याखाली आणि रात्रभर लावू नये एवढं बंधन घाला, त्यात कुणाचा अपमान नाही. चार्जिंगची जागा जिन्यापासून आणि गॅसच्या पाइपापासून लांब, मोकळ्या भिंतीला.

आणि तो तिसऱ्या मजल्यावरचा मुलगा, त्याला मीटिंगची वाट बघायला लावू नका. उद्याच लायसनवाला वायरमन बोलवा, त्याच्या मीटरवरून अडीच एमएमची तांब्याची वायर, मध्ये एकही जोड नको, जास्त लोड आला की पडणारा स्वतंत्र एमसीबी आणि गळती झाली की ट्रिप होणारा आरसीसीबी, खाली झाकणाचं १६ अँपिअरचं सॉकेट. काम सुरू करायच्या आधी अर्थिंग मोजून घ्या, जुन्या बिल्डिंगमध्ये पिन तीन असतात आणि तिसरीला मागे वायरच नसते.